बी भाजली की वाफवली: काजूच्या टरफलातल्या जंतुनाशक तेलाचं प्रकरण

वेंगुर्ला-सावंतवाडी पट्ट्यात किंवा घाटावर चंदगड-आजऱ्याकडे काजूचा छोटा कारखाना चालवणाऱ्या कुणालाही विचारा, शंभर किलो बीमागे काय काय निघतं. गर पंचवीस किलोच्या आसपास, टरफल सत्तर किलोच्या आसपास, बाकी गरावरची तांबडी साल आणि उडून गेलेला ओलावा. वजन पाहिलं तर कारखान्यातून बाहेर पडणारा सगळ्यात मोठा माल टरफलच आहे. तरीही हिशेबाच्या वहीत त्याला एकच ओळ मिळते. काही टरफल बॉयलरखाली जळतं आणि त्याच्या धुराने डोळे चुरचुरतात, बाकीचं तेलगिरणीवाला ट्रक भरून घेऊन जातो. काजू उत्पादनात महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे आणि वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. त्यात आफ्रिकेतून येणाऱ्या कच्च्या बीची भर पडते. टरफल काही थोडंथोडकं नाही.

या टरफलात तेल असतं आणि त्या तेलात जंतू मारण्याचा गुण आहे. हा आजीच्या बटव्यातला दावा नाही. १९९१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या प्रयोगशाळेत हिमेजिमा आणि कुबो या दोन संशोधकांनी तो मोजून दाखवला, आणि आकडे थक्क करणारे होते. त्याला आता तीस वर्षांहून जास्त काळ लोटला. एवढ्या काळात त्यातून मलम निघालं नाही, गोळीही निघाली नाही. तो गुण खरोखर कामाला लागला तो जपानमध्ये, गायीच्या पोटात. असं का झालं, आणि आपल्याकडच्या टरफलाला त्याचा काय उपयोग, हा या प्रकरणाचा विषय.

माझं म्हणणं आधीच सांगतो. वनस्पतींच्या टाकाऊ भागांवरचे बहुतेक अभ्यास टरफल, साल, चोथा हातात आल्यावर सुरू होतात. काजूच्या बाबतीत तोवर उशीर झालेला असतो. टरफलात गुण राहणार की जाणार, हे ते फुटण्याआधीच ठरतं: बी भाजली की वाफवली, यावर.

टरफलाच्या आत काय आहे

काजूच्या टरफलाला बाहेर एक आणि आत एक असे दोन कडक थर असतात. त्यांच्यामध्ये स्पंजासारखा मऊ थर असतो आणि तेल साठतं ते तिथे. झाडाने ते आपल्या बीच्या रक्षणासाठी ठेवलं आहे. जो दात लावील त्याचं तोंड भाजेल, जी बुरशी आत शिरू पाहील ती तिथेच अडेल. ओले काजूगर सोलणाऱ्या बायकांना हे सांगावं लागत नाही. चीक लागला की कातडी आधी काळी पडते, मग सोलवटते. म्हणून त्या सोलताना हाताला राख लावतात किंवा खोबरेल, एरंडेल चोपडतात. याच गुणामुळे कोकणात होडीच्या लाकडाला आणि घराच्या वाशांना काजूचं तेल लावत आले. कीड आणि वाळवी त्या लाकडाच्या वाटेला जात नाही.

काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उतलेला माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला या कुळाची ताकद ठाऊक असते. काजूसारखाच बिब्ब्यातही पंधरा कार्बनांची लांब शेपटी असलेला फेनॉल जातीचा दाहक पदार्थ असतो. आयुर्वेदात बिब्बा वापरण्याआधी विटेच्या चुऱ्यात घोळून त्याचं तेल कमी करून घेतात, ते या दाहकपणामुळेच. औषधाआधी शोधन हवं, हे तिथे शतकांपूर्वीच धरून चाललेलं होतं. आधुनिक प्रयोगशाळांना तिथवर यायला बराच वेळ लागला.

काजूच्या टरफलातून थंड पद्धतीने, म्हणजे उष्णता न देता विद्रावकाने, तेल काढलं तर त्यात साठ ते पासष्ट टक्के अ‍ॅनाकार्डिक आम्ल, पंधरा ते वीस टक्के कार्डॉल आणि दहा टक्क्यांच्या आसपास कार्डॅनॉल सापडतं. यातलं अ‍ॅनाकार्डिक आम्ल आपल्या कामाचं. त्याचा रेणू दोन भागांचा असतो. डोकं सॅलिसिलिक आम्लाचं, म्हणजे ज्यापासून अ‍ॅस्पिरिन बनतं ते. त्याला पंधरा कार्बनांची तेलकट शेपटी. शेपटीत एकही दुहेरी बंध नसतो, किंवा एक, दोन, तीन असतात. त्यावरून या आम्लाचे चार भाऊ होतात आणि तेलात ते एकत्रच राहतात.

१९९१ चे आकडे

हिमेजिमा आणि कुबो यांनी तेलातले घटक वेगळे केले आणि प्रत्येकाची किमान रोधक मात्रा काढली. एक मिलिलिटर द्रवात किती मायक्रोग्रॅम पदार्थ असला की जंतूंची वाढ थांबते, ते हे माप. आकडा जितका लहान, तितका पदार्थ जालीम. तीन दुहेरी बंध असलेलं अ‍ॅनाकार्डिक आम्ल सगळ्यात प्रभावी ठरलं. मुरुमांशी संबंधित जंतूवर ०.७८, दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सवर १.५६, आणि गळवं-पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर ६.२५. (आकडे असे विचित्र दिसतात, कारण द्रावण दर वेळी निम्मं पातळ करत जातात. शंभरापासून निम्मं निम्मं करत गेलात की हेच आकडे लागतात.) दुहेरी बंध कमी होत गेले तसा जोर ओसरला. कार्डॅनॉल तर त्यामानाने फारच दुबळं निघालं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावर येऊन थांबणार आहे.

एका फळाच्या टरफलातला पदार्थ एक मायक्रोग्रॅमच्या आत काम करतो, हे खरंच विरळा आहे. वनस्पतींच्या अर्कांचे बहुतेक आकडे शेकड्यांत किंवा हजारांत असतात.

पण त्याच अभ्यासात दुसरी बाजूही होती. आतड्यातला ई. कोलाय, जखमा चिघळवणारा स्यूडोमोनस, अशा ग्रॅम-ऋण जंतूंवर या आम्लाचा परिणाम झाला नाही. या जंतूंना पेशीच्या पडद्याबाहेर आणखी एक पडदा असतो, आणि तेलकट शेपटीचा रेणू त्यातून सहज आत जात नाही. ग्रॅम-धन जंतूंना ते बाहेरचं कवच नसतं. तिथे शेपटी थेट आतल्या पडद्यात घुसते, पडद्याची घडी विस्कटते आणि पेशीचा ऊर्जेचा व्यवहार कोलमडतो. अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. १९९९ मध्ये कुबो यांच्याच गटाने काजूच्या बोंडूतल्या अ‍ॅनाकार्डिक आम्लांचा परिणाम जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरीवर दाखवला, आणि तो ग्रॅम-ऋण आहे. तरी ढोबळ नियम टिकतो: हे तेल एका बाजूच्या जंतूंना मारतं, दुसऱ्या बाजूच्यांना सोडून देतं. औषधाच्या दृष्टीने ही उणीव वाटते. गोठ्यात तीच सोय झाली.

१९९६ मध्ये मुरोई आणि कुबो यांनी मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि मेथिसिलिन एकत्र वापरून पाहिलं. एकट्याने निकामी ठरलेलं प्रतिजैविक आम्लाच्या सोबतीने पुन्हा कामाला आलं, तेही अगदी थोड्या मात्रेत. २०१६ मध्ये सॅन दिएगोमधल्या एका गटाने दाखवलं की हे आम्ल रक्तातल्या पांढऱ्या पेशींना जंतू पकडायची जाळी टाकायला उद्युक्त करतं. कागदावर एवढं सगळं असलेला पदार्थ औषध व्हायलाच हवा होता.

उष्णता

आता कारखान्यात परत या. काजूची बी फोडण्याआधी टरफल ठिसूळ किंवा मऊ करावं लागतं. त्याच्या तीन जुन्या-नव्या रीती आहेत. एक, फिरत्या ड्रममध्ये थेट भाजणं. यात टरफलातलं तेल पेट घेतं आणि बरंचसं धुरात जातं. दोन, बी गरम तेलाच्याच टाकीतून नेणं. टाकीत काजूच्या टरफलाचंच तेल १८० ते २०० अंशांवर तापलेलं असतं, बी त्यातून जाते आणि स्वतःतलं निम्मंअधिक तेल टाकीत सोडते. तीन, वाफ. बी कुकरमध्ये वाफवतात, नंतर पसरून सुकवतात आणि मग कटरवर एकेक कापतात. कोकणातले बहुतेक छोटे कारखाने आज तिसऱ्या वाटेने जातात. गराचा रंग पांढरा राहतो, हे त्यामागचं कारण.

भाजण्याच्या तापमानाला अ‍ॅनाकार्डिक आम्लाच्या डोक्यावरचा कार्बोक्सिल हा आम्लगट कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. जे उरतं ते कार्डॅनॉल, म्हणजे १९९१ च्या अभ्यासात दुबळं ठरलेलं तेच. गरम तेलाच्या पद्धतीतून निघणाऱ्या औद्योगिक तेलात कार्डॅनॉल साठ टक्क्यांच्या वर असतं आणि अ‍ॅनाकार्डिक आम्ल जेमतेम एक-दोन टक्के. डब्यावर नाव तेच, रंग तोच, वासही जवळपास तोच. गुण मात्र गेलेला.

वाफेचं तापमान भाजण्यापेक्षा पुष्कळ कमी असल्याने वाफवलेल्या बीच्या टरफलात अ‍ॅनाकार्डिक आम्ल बऱ्याच अंशी शिल्लक राहतं. म्हणजे सिंधुदुर्गातल्या साध्या कुकरवाल्या कारखान्याचं टरफल या एका बाबतीत मोठ्या भाजणीच्या टरफलापेक्षा मौल्यवान आहे, आणि ते कुणालाच ठाऊक नाही.

ठाऊक नसण्यामागे बाजार आहे. तेलगिरणीवाला हे टरफल घेतो, घाण्यात दाबतो आणि निघालेलं तेल मुद्दाम तापवतो. त्याला गिऱ्हाईक आहे ते ब्रेकच्या अस्तराचं, रंगाचं, रेझिनचं. त्यांना कार्डॅनॉलच हवं असतं, आणि रेझिन बनवताना तेलातून कार्बन डायऑक्साइड फसफसत राहिला तर काम बिघडतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत मॉर्टिमर हार्वे याने या तेलापासून रेझिनं आणि ब्रेकचं साहित्य बनवण्याचा मार्ग दाखवला, तेव्हापासून जग काजूचं तेल याच रूपात ओळखतं. गिरणीवाल्याला मी दोष देत नाही. ज्याचे पैसे मिळतात तेच तो बनवतो. पण याचा परिणाम असा की जंतुनाशक गुण घालवण्याचा खर्च आज आपण करतो आणि त्यालाच मूल्यवर्धन म्हणतो.

प्रयोगशाळेत होणारी गल्लत

या विषयावर कॉलेजांमध्ये प्रकल्प भरपूर होतात. आंब्याची कोय, डाळिंबाची साल, द्राक्षाचा चोथा, काजूचं टरफल. साचा बहुधा एकच असतो: साल वाळवली, दळली, मिथेनॉलात भिजवली, अर्क कागदाच्या चकतीवर टाकला, जंतू पसरलेल्या आगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, चकती ठेवली आणि दुसऱ्या दिवशी भोवतीचं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजलं. वर्तुळ दिसलं की निष्कर्ष लिहून होतो.

काजूच्या तेलाला ही चाचणी हमखास फसवते. आगर म्हणजे बहुतांशी पाणी आणि अ‍ॅनाकार्डिक आम्ल म्हणजे तेल. ते चकतीतून फारसं पुढे सरकत नाही. वर्तुळ लहान दिसतं आणि एक मायक्रोग्रॅममध्ये काम करणारा पदार्थ ‘मध्यम परिणामकारक’ ठरतो. उलट पाण्यात विरघळणारा, पण दुबळा एखादा टॅनिनचा अर्क दूरवर पसरतो आणि मोठं वर्तुळ देऊन शाबासकी मिळवतो. वर्तुळाचा व्यास हे दोन वेगळ्या अर्कांची तुलना करायचं माप नव्हे. पातळ करत नेऊन किमान रोधक मात्रा काढणं थोडं कष्टाचं आहे, पण मायक्रोबायोलॉजीच्या कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत ते होतं.

दुसरी गल्लत मात्रेची. दहा मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर एवढा घट्ट अर्क ओतला तर स्वयंपाकघरातलं निम्मं सामान जंतुनाशक ठरेल. २००५ साली रिओस आणि रेसिओ या अभ्यासकांनी ठाम सूचना केली: एक मिलिग्रॅमच्या वर काम करणाऱ्या अर्काला जंतुनाशक म्हणायचं टाळा, शंभर मायक्रोग्रॅमच्या आत आलात तर ते लक्षवेधी. प्रत्येक विभागाच्या फळ्यावर ही सूचना लिहून ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

आणि तिसरी गोष्ट, जी या प्रकरणाचा गाभा आहे. टरफल कुठून आणलं, ती बी भाजलेली होती की वाफवलेली, टरफल किती महिने उघड्यावर पडलं होतं, याची नोंद प्रकल्पाच्या वहीत बहुधा नसतेच. ‘स्थानिक कारखान्यातून गोळा केलं’ एवढंच असतं. दोन विद्यार्थ्यांचे निकाल जुळत नाहीत, तेव्हा दोष जंतूंच्या वाणावर ढकलला जातो. प्रत्यक्षात एकाने अ‍ॅनाकार्डिक आम्ल तपासलेलं असतं आणि दुसऱ्याने कार्डॅनॉल.

मलम का झालं नाही

मुरुमांच्या जंतूवर ०.७८ हा आकडा वाचला की पहिला विचार मलमाचाच येतो. पण जे तेल चेहऱ्याला लावायचं, तेच सोलणाऱ्या बायकांचे हात सोलवटून टाकतं. जंतूच्या पडद्यात घुसणारी शेपटी माणसाच्या कातडीच्या पेशींनाही परकी नाही. शिवाय या कुळातले फेनॉल अ‍ॅलर्जी जागवतात. एकदा शरीराने ओळख धरली की पुढच्या वेळी थेंबभरही पुरतो.

याचं नोंदलेलं उदाहरण १९८२ मधलं, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचं. निधी गोळा करण्यासाठी विकलेल्या काजूच्या पाकिटांत टरफलाचे तुकडे राहिले होते. ते खाऊन ५४ जणांच्या अंगावर पुरळ उठलं, तिथल्या पॉयझन आयव्ही नावाच्या वेलीने उठतं तसं. ती वेलही काजू-बिब्ब्याच्याच कुळातली, आणि तिची अ‍ॅलर्जी असलेल्यांना काजूचं टरफल बाधतं.

पोटात देण्याच्या वाटेत दुसरी अडचण आहे. हे आम्ल एका जागी काम करून थांबत नाही. २००३ मध्ये बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी दाखवलं की ते माणसाच्या पेशीतल्या पी-३०० नावाच्या, जनुकांचं वाचन नियंत्रित करणाऱ्या विकरालाही (एन्झाइमलाही) अडवतं. मूलभूत संशोधनाला हा मोठा लाभ झाला, पेशीत काय कुठे जोडलेलं आहे हे तपासायला एक साधन मिळालं. औषध बनवणाऱ्याला मात्र घाम फुटतो. इतर अनेक विकरांवरही त्याचा परिणाम नोंदलेला आहे. जो रेणू इतक्या दारांवर थाप मारतो, त्याची सुरक्षित मात्रा ठरवणं फार अवघड.

आणि ते टिकत नाही. शेपटीतले तीन दुहेरी बंध म्हणजे त्याची ताकद, पण हवेशी पहिली गाठ पडते तीही त्यांचीच. उघड्यावर तेल हळूहळू काळपट आणि घट्ट होत जातं.

जपानचा गोठा

गायीच्या पहिल्या पोटात, रवंथाच्या थैलीत, असंख्य जंतू चारा कुजवत असतात. काही जंतू हायड्रोजन सोडतात, आर्किया नावाचे सूक्ष्मजीव तो घेऊन मिथेन बनवतात आणि गाय तो ढेकरेवाटे बाहेर टाकते. मिथेन जाणं म्हणजे चाऱ्यातली ऊर्जा हवेत जाणं, आणि हवामानालाही ते घातक. हायड्रोजन सोडणाऱ्या जंतूंत ग्रॅम-धन बरेच, आणि गायीला उपयोगी पडणारं प्रोपिओनिक आम्ल बनवणाऱ्यांत ग्रॅम-ऋण बरेच. पहिल्यांना आवर घालून दुसऱ्यांना मोकळीक दिली तर दोन्ही कामं साधतात. मोनेन्सिन हे प्रतिजैविक नेमकं हेच करतं आणि अनेक देशांत ते चाऱ्यातून दिलं जातं. पण वाढीसाठी प्रतिजैविकं चारण्यावर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली, आणि त्या जागी दुसरं काही शोधणं भाग पडलं.

होक्काइदो विद्यापीठ आणि इदेमित्सू ही जपानी कंपनी यांनी मिळून काजूचं तेल तपासलं. २०१० मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रवंथाच्या द्रवात कच्चं तेल घातल्यावर कुपीतला मिथेन निम्म्याहून जास्त घटला आणि प्रोपिओनिक आम्ल वाढलं. त्यांनी तापवलेलं तेलही शेजारी ठेवून पाहिलं होतं. त्याचा परिणाम कमी आला. औषधाच्या दृष्टीने जी उणीव वाटत होती, ग्रॅम-ऋण जंतूंना हात न लावण्याची, तिच्यामुळेच हे तेल रवंथाला मानवलं. कातडीचा प्रश्नही तिथे उरला नाही, कारण तेल पेंडीच्या गोळ्यांत बांधून देता येतं.

पुढे प्रत्यक्ष गायींवर चाचण्या झाल्या. तिथेही मिथेन घटला, पण कुपीइतका नाही, आणि चाऱ्यानुसार तो आकडा बदलला. इदेमित्सूने हे पशुखाद्यात मिसळायचं उत्पादन म्हणून बाजारात आणलं. २०१५ मध्ये अमेरिकेत दुभत्या गायींना औद्योगिक, म्हणजे तापवलेलं तेल देऊन पाहिलं गेलं, आणि तिथे घट अगदी थोडी दिसली. या दोन अभ्यासांतला फरक वाचताना मला चंदगडचा कुकर आणि भाजणीची टाकी शेजारी शेजारी दिसतात.

आपल्याकडे ज्वारीचा कडबा आणि भाताचा पेंढा खाणाऱ्या म्हशीवर जपानचा आकडा गृहीत धरता येणार नाही. तिचा चारा वेगळा, पोटातली वस्ती वेगळी. त्यासाठी इथेच, इथल्या जनावरांवर चाचणी हवी, आणि दुधात तेलाचा काही अंश उतरतो का हे त्या चाचणीत आधी बघायला हवं. तोवर कुणी ऐकीव माहितीवर गोठ्यात टरफलं किंवा तेल टाकू नये. शुद्ध न केलेलं तेल जनावराच्या तोंडाला आणि घशाला भाजेल.

कारखान्याच्या हातात काय आहे

समजा, वाफेवर चालणारा एक छोटा कारखाना आहे आणि त्याला टरफलाचा गुण राखायचा आहे. पहिलं काम अगदी साधं. टरफल कापल्यावर लवकर गिरणीत जावं, पावसात ढीग लावून ठेवू नये. दुसरं, घाणा चालतो तेव्हा तेल तापू देऊ नये आणि निघालेलं तेल भट्टीवर चढवण्याआधी वेगळं काढावं. अंदाज बांधायचा तर शंभर किलो बीच्या सत्तर किलो टरफलातून घाण्याला चौदा-पंधरा किलो तेल मिळू शकतं. त्यातलं साठ टक्के टिकलं, तर आठ-नऊ किलो अ‍ॅनाकार्डिक आम्ल.

ते आम्ल वेगळं करायची रीत बंगळुरूच्याच विठ्ठल मल्ल्या वैज्ञानिक संशोधन प्रतिष्ठानातल्या संशोधकांनी २००१ मध्ये मांडली, आणि तिच्यातला मुख्य पदार्थ चुना आहे. तेल मिथेनॉलात विरघळवायचं, त्यात विरलेला चुना घालून कोमट तापमानाला ढवळत राहायचं. अ‍ॅनाकार्डिक आम्ल चुन्याशी बांधलं जाऊन साका होऊन बसतं, कार्डॉल आणि कार्डॅनॉल द्रवात राहतात. साका गाळून घेतला आणि आम्लाने मोकळा केला की शुद्ध माल हातात. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, त्यामुळे हे काम शेडमध्ये करायचं नाही. पण एखाद्या गिरणीने किंवा कॉलेजने मिळून उभं करावं इतपत ते आवाक्यात आहे.

सगळ्यात आधी मात्र मोजमाप हवं, आणि ते त्याहून सोपं आहे. तेलाचं आम्लमूल्य काढायचं, म्हणजे एक ग्रॅम तेल उदासीन करायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं ते बघायचं. शुद्ध अ‍ॅनाकार्डिक आम्लासाठी हा आकडा १६० च्या थोडा वर येतो. साठ-पासष्ट टक्के आम्ल असलेल्या न तापवलेल्या तेलात तो शंभराच्या आसपास असायला हवा. तापवलेल्या तेलात तो कोसळतो, कारण आम्लगटच उडून गेलेला असतो. बी.एस्सी.च्या मुलांना येणारी ही चाचणी आहे. बिलावर वजनाशेजारी हा एक आकडा छापला गेला तर गिरणीवाल्याला पहिल्यांदाच दोन प्रकारच्या तेलांसाठी दोन भाव मागता येतील, आणि संशोधन करणाऱ्यालाही आपण नेमकं काय तपासतोय ते कळेल.

एक खर्च या हिशेबात धरायलाच हवा. वाफवलेल्या बीच्या टरफलात तेल जवळजवळ पूर्ण राहतं, आणि ती बी एकेक करून कटरवर धरतात त्या बायकाच. भाजणीच्या टाकीत निम्मंअधिक तेल आधीच निघून जातं, इथे ते सगळं बोटांशी येतं. म्हणजे टरफलाचा गुण जपण्याची किंमत आज त्यांच्या कातडीतून दिली जाते. हातमोजे अनेक ठिकाणी ठेवलेले असतात, पण मजुरी किलोवर असते आणि मोज्यांनी बोटांचा वेग मंदावतो, म्हणून ते तासाभरात बाजूला पडतात. न तापवलेल्या तेलाला जादा भाव मिळाला तर त्यातला पहिला वाटा कटिंगच्या दरात जायला हवा. मोजे घालून होणाऱ्या कमी किलोंवरही जुन्याइतकीच कमाई झाली, तरच ते हातात राहतील.